नादानुसारी दिवे

गाणें ऐकावयाचें असतें आणि दिवा पाहावयाचा असतो, ही वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे. तरीपण कानाचें सुख डोळ्यांनाहि मिळावें, ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. फ्रान्समधील लुई बर्त्रां कास्तेल या जेझुइट पाद्र्यानें १७२५ सालीं अशी कल्पना मांडली कीं, वाद्याची पट्टी दाबतांच स्वराबरोबर त्या स्वरासाठीं ठरविलेला रंगहि समोर दिसावा. पुढें १८९३ सालीं इंग्लंडांत अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन यानें रंगांच्या ऑर्गनचें पेटंट घेतलें. रशियन संगीतकार स्क्रिआबिन यानें तर आपल्या 'प्रॉमिथिअस' या रचनेंत निरनिराळ्या वाद्यांच्या ओळींबरोबर प्रकाशाचीहि एक स्वतंत्र ओळ लिहून ठेविली, आणि १९१५ सालीं न्यूयॉर्क येथील कार्नेगी हॉलमध्यें ती रचना रंगीत प्रकाशासह लोकांपुढें आली.

या सर्व खटाटोपांत प्रकाश वाजविणारा कोणी तरी माणूस बसलेला असे. तो गाणें ऐके, त्याचा अर्थ त्याला कळे, आणि मग त्याचा हात चाले. आज तेंच काम नखाएवढी एक चिप करते. गणेशोत्सवांत मखराभोवतीं ठेक्यावर धांवणाऱ्या माळा, दिवाणखान्यांतील स्पीकरच्या तोंडावर नाचणारे ठिपके, या सर्वांच्या मागें कोठें तरी असें एखादें साधन लपलेलें असतें. माणूस उठून गेला आणि त्याच्या आसनावर यंत्र येऊन बसलें, तर तें यंत्र नेमकें काय ऐकतें आणि काय ऐकत नाहीं, हें ज्याच्या घरांत असा दिवा आहे त्यानें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण दिवा जें दाखवितो तें खरें मानण्याकडे मनाचा स्वाभाविक कल असतो.

अशा चिपांचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक नमुन्यादाखल घेतली म्हणजे बाकीच्यांची रीत सहज ध्यानांत येते. अमेरिकेंतील 'इंटिग्रेटेड सिलिकॉन सोल्यूशन' या कंपनीची 'आयएस ३१ एफएल ३७३१' या लांबलचक नांवाची चिप हौशी कारागिरांच्या चांगल्या परिचयाची आहे. ही एकटी १४४ एलईडी दिवे सांभाळते. तिला दिव्यांचा सारथि म्हटलें तरी चालेल. इंग्रजींतहि अशा चिपेला ड्रायव्हर हेंच नांव आहे.

पहिलें नवल हें कीं, १४४ दिव्यांसाठीं तिला १४४ तारा लागत नाहींत. अवघ्या १८ पुरतात. याची युक्ति एलईडीच्या स्वभावांत आहे. एलईडी विजेला एकाच दिशेनें जाऊं देतो. उलट दिशेनें वीज आली तर तो आपलें दार बंद करून घेतो. म्हणून कोणत्याहि दोन तारांमध्यें दोन दिवे उलटसुलट जोडतां येतात. वीज इकडून तिकडे गेली तर एक पेटतो आणि तिकडून इकडे आली तर दुसरा. ९ तारा घेतल्या तर प्रत्येक तारेची जोडी बाकीच्या ८ तारांशीं जमते, आणि ९ गुणिले ८ म्हणजे ७२ दिवे होतात. असे दोन गट केले कीं १४४ हा हिशेब पुरा झाला. अर्थात् हे सर्व दिवे एकाच क्षणीं पेटत नाहींत. ते पाळीपाळीनें, परंतु अतिशय जलद पेटतात. पेटतें कोलीत अंधारांत गरगर फिरविलें असतां अग्नीचें अखंड कडें दिसतें, ज्याला आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं अलातचक्र म्हटलें आहे, तोच हा प्रकार होय. डोळा मागें राहतो आणि दिवा पुढें निघून जातो.

दिव्याचें तेज कमीअधिक करण्याची रीतहि याच तत्त्वावर आहे. विजेचा जोर कमी न करतां दिवा पेटलेला राहण्याचा काळ कमी करावयाचा, म्हणजे डोळ्याला तो मंद भासतो. या चिपमध्यें ० पासून २५५ पर्यंत अशा तेजाच्या २५६ पायऱ्या आहेत. मात्र मनुष्याचा डोळा सरळ त्रैराशिकानें चालत नाहीं. १२८ हा आंकडा निम्मा असला तरी तेज निम्म्याहून बरेंच अधिक वाटतें, आणि खालच्या पायऱ्यांवरील लहानसा फरकहि चटकन् ध्यानांत येतो. यासाठीं पायऱ्या सारख्या अंतरानें न घेतां खालीं जवळजवळ आणि वर दूरदूर घ्याव्या लागतात. नाहीं तर आवाज सावकाश चढत असतांहि दिवा एकदम उजळला आणि मग तेथेंच अडून बसला, असें दिसतें.

आतां या सारथ्याला आज्ञा कशी द्यावयाची? चिपच्या पोटांत आंकड्यांची एक खतावणीच असते. तिला पानें आहेत आणि प्रत्येक पानावर क्रमांक घातलेलीं घरें आहेत. या घरांना रजिस्टर म्हणतात. शेजारीं बसविलेला एक लहान नियंत्रक दोन तारांवरून त्या घरांत आंकडे लिहितो. ० ते ७ हीं आठ पानें आठ चित्रांसाठीं राखलेलीं आहेत. प्रत्येक चित्राच्या पानावर आरंभींच्या १८ घरांत कोणते दिवे चालू आणि कोणते बंद याची नोंद, पुढच्या १८ घरांत कोणते दिवे लुकलुकावे याची नोंद, आणि त्यानंतर ३६ पासून १७९ पर्यंतच्या १४४ घरांत एकेका दिव्याचें तेज, अशी मांडणी आहे. ११ क्रमांकाचें पान मात्र निराळें. तें कारभाराचें पान होय. चिप जागी असावी कीं निजलेली, चित्र स्थिर ठेवावें कीं आवाजाबरोबर बदलावें, हें सर्व त्या पानावर ठरतें. कोणतेंहि पान उघडावयाचें झाल्यास त्याचा क्रमांक आधीं २५३ या घरांत लिहावा लागतो.

नवशिक्याची फसगत बहुधा येथेंच होते. कारभाराच्या पानावर १० व्या घरांत १ लिहिला कीं चिप जागी होते. पण तें पान न उघडतां, चित्राचें पान उघडें असतांनाच कोणी १० व्या घरांत १ लिहिला, तर चिप निजलेलीच राहते, आणि त्या चित्रांतील आठ दिव्यांची नोंद मात्र बिघडून जाते. आंकडा बरोबर, घराचा क्रमांकहि बरोबर, परंतु पान चुकलें. जमाखर्च लिहिणारास हा अनुभव नवा नाहीं. आणखी एक सावधगिरी अशी कीं, वीज गेली म्हणजे ही सारी खतावणी कोरी होते. म्हणून वीज येतांच प्रत्येक वेळीं आधीं सर्व घरें साफ करून मग पहिल्यापासून लिहावयाचें, हा क्रम नियंत्रकाच्या अंगवळणीं पाडून ठेवावा लागतो.

आवाजाकडे वळण्यापूर्वीं तो चिपपर्यंत पोंचतो कसा, तें पाहिलें पाहिजे. चिपला आवाजासाठीं एक वेगळा पाय आहे. गाण्याच्या यंत्राच्या, कानाला लावण्याच्या फोनसाठीं असलेल्या छिद्रांतून येणारा हलका विद्युत्प्रवाह, मध्यें एक कपॅसिटर घालून, त्या पायाला देतात. कपॅसिटर स्थिर वीज अडवितो आणि आवाजाची हालती वीज तेवढी पुढें जाऊं देतो. मोठ्या स्पीकरच्या तारा थेट तेथें जोडणें म्हणजे चिपचा नाश ओढवून घेणें होय; उलट नुसता मायक्रोफोन जोडला तर त्याची वीज इतकी क्षीण असते कीं मध्यें वर्धक घातल्यावांचून चिपला कांहींच ऐकूं येत नाहीं.

आवाज आंत आला कीं चिप दोन प्रकारांनीं त्याला साथ देऊं शकते. पहिल्या प्रकारांत चित्र एकच राहतें आणि आवाजाच्या चढउताराबरोबर त्याचें तेज चढतें उतरतें. कारभाराच्या पानावरील ६ व्या घरांत १ लिहिला कीं हें काम सुरू होतें. दुसऱ्या प्रकारांत आधीं भरून ठेवलेल्या आठ चित्रांपैकीं कोणतें दाखवावयाचें तें आवाजाच्या जोरावर ठरतें; त्यासाठीं ० क्रमांकाच्या घरांत २४ लिहितात. या दुसऱ्या प्रकारांत आवाज किती किती वेळानें मोजावा, हें १२ व्या घरांत सांगतां येतें. मोजण्याचें लहानांत लहान अंतर ४६ मायक्रोसेकंद, आणि तेथें ० ठेवल्यास त्याच्या २५६ पट, म्हणजे सुमारें पावणेबारा मिलिसेकंद. एकदां हें लिहून झालें म्हणजे नियंत्रकाला पुढें कांहीं काम राहत नाहीं. चिप आपली आपण ऐकते आणि चित्रें दाखविते.

येथवर सर्व कारागिरीचा भाग झाला. खरा विचार करावयास लावणारें घर पुढेंच आहे, आणि त्याचा क्रमांक ११. आवाज किती मोठा करून घ्यावा तें या घरांत लिहितात. ० पासून २१ डेसिबलपर्यंत तीन तीनच्या आठ पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर येणारी लहर सुमारें अकरा पट मोठी होते. पण त्याच घरांत आणखी एक बिट आहे. त्याजागीं १ ठेवला, म्हणजे पायरीच्या आंकड्यांत ८ मिळविले, तर चिप वर्धन आपलें आपण सांभाळूं लागते. आवाज लहान असला तर ती त्याला उचलते, मोठा असला तर दाबते. आणखी १६ मिळविले तर हें काम ती अधिक चपळाईनें करते. कारागिराला ही सोय फार गोड वाटते. दिवा कोठेंहि नेऊन ठेवा, रेडिओ लहान करा कीं मोठा, दिवे सारखेच नाचतात. कोणाची तक्रार येत नाहीं.

परंतु या सोयीची किंमत काय पडते तें एखाद्या मैफलीच्या उदाहरणानें कळेल. गवयी विलंबित ख्याल आरंभितो तेव्हां आवाज हलका, शांत असतो; तो हळूहळू वाढत वाढत द्रुतांत आणि तराण्यांत भर चढतो. हा लांबवर पसरलेला चढ हेंच त्या गाण्याचें एक मोठें वैभव. स्वयंचलित वर्धन चालू असलें तर दिवा आलापालाहि तेवढाच पेटतो आणि तराण्यालाहि तेवढाच. जें गवय्यानें तासभर कष्टानें उभारलें, तें दिव्यानें सपाट करून टाकलें. आपलीं वजनें आपणच बदलणारा तराजू दुकानांत ठेविला तर कोणताहि जिन्नस ठेवा, कांटा मध्यावरच राहील. पाहणारास तो तराजू फार समतोल वाटेल. पण त्यानें वजन असें कांहीं केलेंच नाहीं.

मैफलीच्या दिव्यानें असें केलें तर हानि रसिकतेचीच होते. पण हाच दिवा दुसऱ्या एका ठिकाणीं फार निकडीच्या कामास लागतो. ज्या मुलांना ऐकूं येत नाहीं त्यांना बोलावयास शिकवितांना, आपला आवाज किती मोठा निघाला हें डोळ्यांनीं दाखविणारीं साधनें वापरतात. ऐकणारें मूल आपला आवाज ऐकून सावरतें. बधिर मुलाला तो आरसा नसतो. त्याच्यापुढें दिव्यांचा एक उभा स्तंभ ठेविला, आणि आवाज वाढेल तसतसा स्तंभ वर चढला, तर त्याला तो आरसा मिळतो. हें मूल मोठ्या प्रयासानें आवाज काढतें, दिव्याकडे पाहतें, आणि दिवा जें सांगेल तें प्रमाण मानतें. अशा वेळीं स्वयंचलित वर्धनाचा तो एक बिट १ राहून गेला तर काय होईल? मूल पुटपुटलें तरी स्तंभ वर जाईल, आणि तें जिवाच्या आकांतानें ओरडलें तरी तो त्याच उंचीवर येऊन थांबेल. मूल शिकेल तें असें कीं, आपल्या प्रयत्नाचा आणि फळाचा कांहीं संबंध नाहीं. शिकणाऱ्या मुलाची याहून मोठी हानि कोणती?

म्हणून अशा कामीं तो बिट ० ठेवावा आणि वर्धनाची पायरी हातानें ठरवावी. रीत कठीण नाहीं. शिक्षकानें मायक्रोफोनपासून ठराविक अंतरावर बसून आधीं मोठ्यानें बोलावें, आणि आठवें चित्र जेमतेम दिसेल अशी लहानांत लहान पायरी निवडावी; समजा ती ९ डेसिबलची ठरली, तर ११ व्या घरांत नुसता ३ लिहावा. नंतर हलक्या आवाजांत बोलून दुसरें किंवा तिसरें चित्र दिसतें कीं नाहीं तें पाहावें. नेहमींच्या बोलण्याला चौथें-पांचवें चित्र येईल असें जुळलें म्हणजे काम झालें. मुलाला सांगावयाचें तें एवढेंच कीं, दिवा या दोन खुणांमध्यें ठेव. उंच चढविणें हें येथें यश नव्हे. त्यानंतर ती पायरी आणि तें अंतर बदलूं नये. घरांतील संगीताच्या दिव्यालाहि हाच नियम लावला तर आलाप आलापासारखा आणि तराणा तराण्यासारखा दिसेल. मात्र रस्त्यावरच्या मांडवांत, जेथें आवाज घटकेघटकेला बदलतो आणि दिव्याचें काम केवळ शोभेचें असतें, तेथें स्वयंचलित वर्धन खुशाल चालूं द्यावें. साधन एकच, पण शोभेसाठीं कीं प्रमाणासाठीं, हें आधीं ठरविलें पाहिजे.

याहूनहि जपावयाची दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक घराच्या कामाची आहे. वेगानें लुकलुकणाऱ्या प्रकाशानें कांहीं माणसांना अपस्माराचा झटका येतो. सेकंदास सुमारें ३ पासून ३० वेळांपर्यंतची उघडझांप विशेष धोक्याची मानतात. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत दूरचित्रवाणीवर 'पोकेमॉन' या चित्रमालिकेचा एक भाग चालू असतांना तांबडा आणि निळा रंग अतिशय वेगानें आळीपाळीनें चमकला, आणि सहाशेंहून अधिक लोकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांतील पुष्कळांना त्यापूर्वीं असा झटका कधींहि आलेला नव्हता. म्हणजे आपल्या घरांत असें कोणी नाहीं, ही खात्री आधीं देतां येत नाहीं.

आतां नादानुसारी दिव्याचा विचार करा. द्रुत लयींत तबल्याचे बोल सेकंदास चार-पांचाहून सहज अधिक होतात. पहिल्या प्रकारांत, जेथें आवाजाबरोबर सगळें चित्र उजळतें आणि विझतें, तेथें प्रत्येक बोलाला पूर्ण अंधार आणि पूर्ण उजेड अशी उघडझांप होऊं शकते. यावर उपाय चित्रांतच करतां येतो. दुसरा प्रकार निवडावा, आठांपैकीं पहिलें चित्र पूर्ण काळें न ठेवतां त्यांत समईएवढा मंद उजेड ठेवावा, आणि पुढचीं चित्रें अशीं रचावीं कीं शेजारच्या दोन चित्रांत फरक थोडा असेल. मग आवाज कितीहि उसळला तरी प्रकाशाची धाव लहान राहते, आणि स्तंभ खालीं-वर झाला तरी खोली काळोखांत आणि लखलखाटांत हेलकावे खात नाहीं. याशिवाय खोलींतला नेहमींचा दिवा चालू ठेवावा, मुलांनीं अगदीं जवळ बसून टक लावून पाहूं नये, आणि कोणाला अस्वस्थ वाटूं लागल्यास त्यानें एक डोळा तळहातानें पूर्ण झांकून तोंड फिरवावें. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाहीं. कारण पापणींतूनहि प्रकाश आंत जातो.

शेवटीं, हा सारथि काय ऐकत नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. तो आवाजाचा फक्त जोर ऐकतो. षड्ज कीं पंचम, सतार कीं सनई, हें त्याला कळत नाहीं. एखादी नाजूक मींड त्याच्यावरून तशीच निघून जाते, आणि श्रोत्यांतील एखाद्याची खोंक त्याला समेइतकीच महत्त्वाची वाटते. उंच-नीच स्वर निराळे करावयाचे झाल्यास दुसरी व्यवस्था लागते. 'एमएसजीईक्यू ७' नांवाची एक चिप आवाजाचे सात पट्टे पाडून देते. त्यांतला सर्वांत खालचा सेकंदास ६३ कंपनांच्या आसपासचा आणि सर्वांत वरचा १६,००० च्या आसपासचा. याहून बारीक निवड हवी असेल तर फूरिए या फ्रेंच गणित्याच्या पद्धतीनें नियंत्रकाकडून गणित करवून घ्यावें लागतें. एवढें करूनहि यंत्राला स्वर मिळतो, राग मिळत नाहीं.

म्हणून असा दिवा घरीं आणणाऱ्यानें किंवा मुलांकडून करवून घेणाऱ्यानें तीन प्रश्न अवश्य विचारावे. हा दिवा आवाजाचें खरें मान दाखवितो कीं आपल्या सोयीनें बदलून दाखवितो? त्याची उघडझांप मर्यादेंत आहे कीं नाहीं? आणि आवाज नसतांना तो अगदीं काळा पडतो कीं मंद तेवत राहतो? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या नखाएवढ्या खतावणींत, दोन-चार घरांतील आंकड्यांत लिहिलेलीं असतात, आणि ते आंकडे घालणें किंवा बदलणें हें शाळेंतल्या चवदा-पंधरा वर्षांच्या मुलालाहि जमण्यासारखें आहे.